साधं राहायचं तर एवढा पसारा कशाला मांडलास?

आधी पत्र, थोडं छाटून देतेय, फार मोठं होतं.

"ताई, मी 36 वर्षांची, आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी 9 ची आणि मुलगा 5 चा. गेलं वर्षभर रात्री झोपताना मी ते साध्या आयुष्याचे व्हिडिओ बघत होते, म्हणजे आई बागेतून टोपली भरून भाजी आणतेय, मुलांचे कपडे स्वतः शिवतेय, मुलं गवतात अनवाणी पळतायत, कुणाच्या हातात मोबाइल नाही. वाटलं, आपल्या घरी असं का नको? मग एकाच दिवशी 14 कुंड्या आणि रोपं आणली. सासूबाई दिरांकडे असतात पण त्यांचं जुनं शिलाई मशीन आमच्या माळ्यावर होतं, ते खाली काढून दुरुस्त करून घेतलं, आणि दर रविवारी निसर्गात जायचं असा घरात नियम केला. आता तीन महिने झाले. 14 पैकी 9 रोपं मेली. मुलीला फ्रॉक शिवला तर गळा तिच्या डोक्यातून जाईना, ती मध्येच अडकून रडायला लागली आणि नवरा हसला. टेकडीवर गेलो की दहाव्या मिनिटाला 'आता काय करायचं' सुरू होतं. मागच्या रविवारी मी एवढी ओरडले की येताना गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. नवरा म्हणतो हे पण तुझं एक फॅड. साधं जगणं एवढं अवघड कसं काय? नोकरी सोडली तरच जमेल का? की सगळं गुंडाळून ठेवून देऊ? – दमलेली आई"

अगं बाई, पहिलं तर सॉरी, कारण मी हसले. तुला नाही गं, त्या फ्रॉकला हसले, आणि हसायचा मला हक्क आहे कारण माझ्या कपाटात एक कुर्ता आहे ज्याच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या आहेत. कापड एकेरी अंथरलं, बाहीचा कागद ठेवून कापलं, मग दुसऱ्या बाहीसाठी कागद उलटा करायचा असतो तो केलाच नाही, आणि हे कळलं कधी, तर दोन्ही बाह्या लावून टीप मारून झाल्यावर, आरशासमोर. डावा हात पुढे घेतला की पाठीत ओढ बसते. प्रिंटचं कापड होतं त्यामुळे उलटसुलट करून भागवायची सोय पण नव्हती. तो कुर्ता मी घालत नाही आणि टाकतही नाही.

तर आता तुझं. पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना नुसती बेरीज केली. दोन नोकऱ्या, दोन पोरं, त्यावर 14 कुंड्या, त्यावर मशीन, त्यावर दर रविवार बांधलेला. आणि हे सगळं एका महिन्यात चालू केलंस. यात साधं कुठंय? ऑफिसमध्ये नवीन प्रोजेक्ट आला की आपण कसं करतो, सामान मागवायचं, टाइमटेबल करायचं, सगळ्यांना कामाला लावायचं आणि तीन महिन्यांनी रिझल्ट बघायचा, तसं तू घरी केलंस. तुझी चूक नाही म्हणा, दिवसभर तेच करणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार. पण रोपाला तुझं टाइमटेबल माहीत नाही आणि 5 वर्षांच्या पोराला तर नाहीच नाही.

आणि ते व्हिडिओ. चाळीस सेकंदांच्या त्या टोपलीमागे कॅमेरा लावणारं कुणीतरी आहे, तोच शॉट तीनदा घेतलाय, आणि त्या बाईचा तो कामधंदा आहे, तुझी नोकरी तशी तिची ती नोकरी. एवढं लक्षात ठेवून बघायचं असेल तर बघ, माझं काही म्हणणं नाही. फक्त झोपताना नको, दमल्यावर दुसऱ्याचं घर आहे त्यापेक्षा जास्तच हिरवं दिसतं.

नोकरीचं आधीच सांगून टाकते म्हणजे तो विषय संपेल. यासाठी सोडू नकोस. दुसऱ्या कशासाठी सोडायची असेल तर दोघं वही घेऊन बसा, खर्चाचं गणित मांडा, तो वेगळा विषय आणि त्याचं वेगळं पत्र लिही. पण कोथिंबीर उगवत नाही म्हणून राजीनामा द्यायचा नसतो.

आता रोपं. तू काही लिहिलं नाहीस पण मी पैज लावते की त्या 9 पैकी निदान 6-7 जास्त पाण्याने गेलीत. नवीन माणसाचं असंच होतं, जीव लावायचा म्हणजे पाणी घालायचं, एवढंच आपल्याला येतं. मुळांना पाण्यासारखीच हवा पण लागते, मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक बारीक फटी असतात तिथे ती हवा असते, रोज पाणी ओतत राहिलं की त्या फटी पाण्याने भरतात आणि मुळं गुदमरून कुजायला लागतात. कुजलेलं मूळ पाणी ओढत नाही, मग वर पानं माना टाकतात. आणि माना टाकलेलं रोप बघितलं की आपण काय करतो? अजून एक तांब्या! अगदी तहानेने सुकल्यासारखंच दिसतं ते, म्हणून फसायला होतं. एखादं मेलेलं रोप अजून कुंडीत असेल तर उपटून मुळं बघ, काळपट, मऊ, बोटात धरली की वरचं साल सुटून आत दोऱ्यासारखं काहीतरी उरतं, वास येतो, तर समज की पाणीच जास्त झालं.

त्यामुळे झारी ठेव बाजूला आणि बोट वापर. दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर आज पाणी नाही, कोरडं लागलं तर मात्र भरपूर, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, वरची माती ओली दिसते आणि खालची मुळं कोरडी. कुंडीखाली ताटली असेल तर अर्ध्या तासाने त्यातलं पाणी ओतून टाक. आणि कुंडीच्या तळाला खडे घातलेस का? सगळेच सांगतात घालायला, मीही कित्येक वर्षं घालायचे, पण त्याने निचरा काही वाढत नाही, बारीक मातीतलं पाणी पूर्ण भरल्याशिवाय खालच्या खड्यांत उतरतच नाही, उलट मुळांच्या वाटची माती तेवढी कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा पुरे, माती वाहून जाऊ नये म्हणून.

14 ची 9 गेली म्हणजे 5 राहिली ना? मग तुझी बाग 5 कुंड्यांची आहे, विषय संपला. नवीन रोप आणायचं नाही, निदान ही पाच रोपं सहा महिने जगेपर्यंत तरी. रिकाम्या झालेल्या कुंड्यांची माती फेकू नकोस, उन्हात पसरून चांगली वाळव, ढेकळं फोड, थोडं कुजलेलं खत मिसळ आणि पोतं भरून ठेव. त्यातल्या एका, फक्त एका कुंडीत, पोरांकडून काहीतरी पेरून घे. कोथिंबीर घे. धणा आपल्याला एक बी वाटतो पण त्या एका गोल धण्यात दोन बिया असतात, म्हणून पेरायच्या आधी तो बाटलीने हलक्या हाताने रगडून दोन भाग करायचे, भुगा नाही हां, नुसते दोन भाग. हे काम पाच वर्षांच्या मुलाला इतकं आवडतं की थांबवावं लागतं. एक सेंटीमीटर खोल, वर माती, आणि आता एक ते दोन आठवडे काहीही होणार नाही. तो रोज विचारेल. दोनदा उकरून पण बघेल, बघू दे, चार बिया फुकट गेल्या तर गेल्या.

त्याला धीर निघत नसेल तर काचेचा ग्लास घे, आत ओलं फडकं किंवा टिश्यू काचेला चिकटून गोल लाव आणि फडकं आणि काच यांच्यामध्ये राजम्याचे किंवा पावट्याचे तीन-चार दाणे अडकव, रात्रभर भिजवलेले. तीन-चार दिवसांत मूळ बाहेर येतं आणि ते सरळ खाली जातं. मग गंमत कर, ग्लास आडवा ठेवून दे. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक वळून परत खालच्या दिशेला लागलेलं असतं. परत फिरव, परत वळतं. माझी भाची हे बघून दाण्यावर चिडली होती, "ऐकतच नाही हा!" म्हणाली.

अजून एक सांगते कारण तुझ्यासारखीच्या हातून हे नक्की होणार. पानावर बारीक हिरवे-काळे ठिपके हलताना दिसले, पानं चिकट झाली, तर तो मावा. लगेच फवारणी घेऊन धावू नकोस. दोन दिवस बघ. तिथे एक काळपट, लांबट, सहा पायांचा, अंगावर केशरी ठिपके असलेला, बघितला तर चिमुकल्या मगरीसारखा किडा फिरताना दिसेल आणि तुला पहिली इच्छा होईल चिरडायची. तो लेडीबगचा बच्चा, म्हणजे त्या लाल गोल, काळ्या ठिपक्यांच्या गोंडस किड्याची अळी, आणि मावा हेच त्याचं जेवण. कितीतरी लोक मावा ठेवतात आणि हा मारतात.

तसंच, त्या पाचांत एखादं लिंबाचं रोप असेल तर पानांवर पक्ष्याची शिट पडल्यासारखं काहीतरी दिसेल, काळं-पांढरं, ओलसर. पुसायला जाशील आणि ते हलेल. फुलपाखराची अळी असते ती, पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून लहानपणी असं घाणेरडं रूप घेऊन बसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचलीस तर डोक्याच्या मागून दोन फाट्यांचं केशरी शिंग बाहेर काढते आणि घाण वास सोडते. मुलांना यापेक्षा जास्त काय पाहिजे सांग. लिंबाची पानं खाईल, अर्धं रोप बोडकं करेल, करू दे. परत फुटतं. टोपलीभर भाजीचा व्हिडिओ नाही होणार तुझा, पण पोरगा शाळेत जायच्या आधी चप्पल न घालता बाल्कनीत पळेल.

शिवणाकडे येते. तू एकदम फ्रॉकवर गेलीस इथेच घोटाळा झाला. गळा, काखा, बाही हे सगळं वळणाचं काम, आणि मशीनवर वळण घेणं म्हणजे सायकल शिकताना पहिल्याच दिवशी घाट. एक महिना कपडा शिवायचाच नाही. एक महिना फक्त दुरुस्ती. घरात एक डबा ठेव, तुटलेली बटणं, उसवलेल्या बाजू, खाली लोंबणारे हेम, फाटलेले खिसे, जे जे काही "करायचंय कधीतरी" म्हणून खुर्चीवर पडलेलं असतं ते त्यात. आणि आठवड्यातून एकदोनदा, वीस मिनिटं, मुलांच्या सोबत बसून हाताने एक एक काढायचं. दुरुस्तीची गंमत अशी की बिघडलं तरी काही बिघडत नाही, ते आधीच बिघडलेलं असतं.

दोरा घेताना बोटापासून कोपरापर्यंत घे, जास्त नाही. सारखं ओवायला नको म्हणून आपण लांबलचक घेतो आणि मग त्याचा गुंता सोडवण्यात ओवण्याच्या दसपट वेळ जातो. बटण लावताना बटणाच्या डोक्यावर एक काडेपेटीतली काडी आडवी ठेव आणि तिच्यावरून टाके घे, चार-पाच टाके झाले की काडी काढून घे, बटण वर ओढ, आणि उरलेला दोरा बटणाच्या खाली त्या टाक्यांभोवती तीन वेढे देऊन मग गाठ मार. असं केलं की बटणाला छोटी मान मिळते, जाड कापडाच्या काजात सुद्धा बसतं आणि ओढ बसून तुटत नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त उपयोगाला आलेलं ज्ञान आहे हे, शाळेत काय शिकले ते आठवत नाही.

मुलाच्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटला ठिगळ लाव, लपवायच्या नादाला लागू नकोस, कापड त्याला निवडू दे. फक्त चौकोनाचे कोपरे गोल काप, टोकदार कोपरा पहिला सुटतो. नऊ वर्षांची लेक धावदोरा नक्की घालेल, उलटी टीप पण जमेल दोनचार दिवसांत. धाकट्याला सुई देऊ नको अजून, पुठ्ठ्याला पंचने भोकं पाडून बुटाची लेस दे, तो पण "शिवेल". आणि एक नियम मात्र कडक, बसताना सुया मोजायच्या आणि उठताना मोजायच्या. एक जरी कमी भरली तर कुणी उठायचं नाही, लोहचुंबक फिरवायचं. हे मी उगाच सांगत नाहीये, जमिनीवर हरवलेली सुई मला एकदा तळपायातच सापडली.

महिन्याने मशीन. आणि मशीनचं पहिलं काम उशीचा अभ्रा, चार सरळ रेघा, बास. जुन्या चादरीचं कापड घे, वाया गेलं तर जीव हळहळत नाही. नवीन सुती कापड घेतलंच कधी तर कापायच्या आधी धुऊन वाळवून इस्त्री कर, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि आपण मापाला दोष देतो. खालच्या बाजूला दोऱ्याचं घरटं झालेलं दिसलं की सगळे बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाच्या मागे लागतात, पण बहुतेक वेळा गडबड वरच्या दोऱ्यात असते. दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला पाहिजे, तेव्हाच ज्या दोन चकत्यांमधून दोरा जातो त्या सैल होतात आणि दोरा नीट आत बसतो, पाय खाली ठेवून ओवलं तर तो वरवरच राहतो, ताण येतच नाही त्याला. सुई पण बदल, साधारण आठ तास शिवलं की तिची धार जाते, टाके सुटायला लागतात. आणि उसवायला शीक. शिवायला येणं सोपं आहे, उसवायला येणं म्हणजे कापड न फाडता दर तीन-चार टाक्यांवर एक टाका कापत जायचं आणि मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढून काढायचा. ते यायला लागलं की चुकायची भीती निम्मी जाते.

आणि हो, ते मशीन सासूबाईंचं आहे ना? मग त्यांना फोन कर गं. व्हिडिओ कॉल लाव, मशीन दाखव आणि विचार की आई, हा दोरा कुठून कुठून घ्यायचा, तेल कुठे कुठे घालायचं. दुरुस्तीवाल्याला नाही एवढं त्या मशीनबद्दल त्यांना माहीत असेल. कदाचित पाऊण तास बोलतील, त्या पाऊण तासात तुझं शिवण होणार नाही, चालेल.

आता तो रविवार. मुलं दहाव्या मिनिटाला "आता काय करायचं" म्हणाली म्हणून तू चिडलीस, पण खरं सांगू, प्रश्न बरोबर आहे त्यांचा. तू त्यांना एका जागी नेऊन उभं केलंस आणि सांगितलंस की आता आनंद घ्या. मोठ्या माणसाला पण असं कुणी सांगितलं तर तो दुसऱ्या मिनिटाला मोबाइल काढेल. दहाव्या मिनिटाला कंटाळा येतोच, तो यायलाच पाहिजे. त्याच्यानंतर जे होतं त्यासाठी आपण गेलेलो असतो, आणि तू नेमकी तिथेच ओरडून गाडीत बसवलंस सगळ्यांना. पुढच्या वेळी त्यांना उत्तरच देऊ नकोस. "बघ तूच" म्हण आणि एका दगडावर बस. रडतील, चिडचिड करतील, मग कुणीतरी एक काटकी उचलेल. काटकी उचलली की जिंकलीस. पुढचा एक तास ती काटकी तलवार असते, पूल असते, खोदायचं मशीन असतं.

दर वेळी नवीन जागा शोधू नका. तीच टेकडी, तेच झाड, तोच दगड. एकाच जागी पाच-सहा वेळा गेल्यावर मुलांना तिथलं काय बदललं ते दिसायला लागतं, मागच्या वेळी ही फांदी नव्हती, मुंग्या इथून जात होत्या. मुंग्यांवरून आठवलं, मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यावरून बोट आडवं घासायचं, जोरात. मुंग्या तिथे येऊन एकदम थांबतात, गोंधळतात, इकडेतिकडे फिरतात, कारण त्या वासाच्या रेघेवरून चालत असतात आणि ती रेघ तू पुसलेली असतेस. थोड्या वेळाने परत वाट जुळते. किती वेळाने, ते मुलांना मोजू दे.

कपडे जुने घाला. तू त्यांना "चिखलात नको, हात लावू नको, बसू नको" किती वेळा म्हणालीस ते मी विचारत नाही.

आणि निसर्गाला टेकडीच लागते असं नाही गं, खिडकी पण चालते. रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाचा 1984 चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटचे जुने रेकॉर्ड त्याने तपासले, 23 जणांच्या खोलीच्या खिडकीतून झाडं दिसत होती आणि 23 जणांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधं कमी लागली. छोटासाच अभ्यास आहे, त्यावरून लगेच चमत्कार सांगत सुटायचं नाही, पण मला तो आवडतो कारण त्यात कुणीही ट्रेकिंगला गेलेलं नव्हतं, बिचारे पलंगावर पडून होते.

तर खिडकीचं काम देते तुला, रविवार न मोडता. पौर्णिमेच्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या सुमारास, पूर्वेकडे चंद्र उगवतो. त्या दिवशी तो कुठून वर आला ते बघायचं, समोरची बिल्डिंग, झाड, टाकी, काय असेल ती खूण धरायची, आणि वेळ वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी परत. तो साधारण 50 मिनिटं उशिरा येतो, कधी थोडा कमी, कधी जास्त. तिसऱ्या दिवशी अजून उशिरा. चौथ्या दिवशी मुलांची झोपायची वेळ होते आणि मग "आज अजून आला नाही, थांबू ना" अशी भांडणं सुरू होतात. हे भांडण होऊ दे. वीस मिनिटं उशिरा झोपले तर काही होत नाही.

मागच्या रविवारबद्दल मुलांना एकदा सॉरी म्हण, मोठं भाषण न करता, "मी फार ओरडले, माझं चुकलं" एवढंच. नवऱ्याचं म्हणशील तर फॅड म्हणाला ते निम्मं बरोबर होतं, ते मान्य करून टाक, त्याची हवाच जाईल. पण फ्रॉकवर हसला ते तुला लागलं हे मात्र त्याला सांग, तिरकं बोलून नाही, सरळ. बागेत, शिवणात त्याने यायलाच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. चंद्राची वही त्याच्याकडे दे हवं तर.

आणि गुंडाळून ठेवू का विचारतेस ना, तर ते फ्रॉक तेवढं गुंडाळू नकोस, ते वाचतं. तू बहुतेक मानेचं माप धरून गळा कापलास, पण कपडा मानेतून नाही, डोक्यातून जातो. नऊ वर्षांच्या मुलीच्या डोक्याचा घेर 52 सेंटीमीटरच्या आसपास असतो, टेप कपाळावरून फिरवून मोज, गळ्याचा घेर त्याहून थोडा जास्त पाहिजे किंवा मग गळ्याला उघडायची सोय पाहिजे. आपण सोय करू. गळ्यापासून खाली मधोमध 10-12 सेंटीमीटरची एक रेघ खडूने आख, अजून कापू नकोस. त्याच कापडाचा तळहाताएवढा रुंद आणि रेघेपेक्षा बोटभर लांब तुकडा घे, कडा आधी दुमडून शिवून टाक, आणि तो फ्रॉकच्या सुलट्या बाजूवर त्या रेघेवर ठेव, सुलट्यावर सुलटं. रेघेच्या दोन्ही अंगांनी टीप मार, वर अर्धा सेंटीमीटर अंतर ठेवून आणि खाली येताना निमुळतं करत टोकाला मिळव, टोकाशी आडवा एक टाका घे. आता दोन्ही टिपांच्या मधून काप, अगदी टोकापर्यंत जा पण टीप तुटू देऊ नकोस, कंजूषपणा करून अलीकडेच थांबलीस तर तिथे चुणी पडते. तो तुकडा आत उलटव, इस्त्री कर. वर एक बटण आणि दोऱ्याचा लूप.

ही चीर पुढून दे, मागून नको. मागे तिचा हात पुरणार नाही आणि रोज तुला हाक मारेल. बटण त्या दुरुस्तीच्या डब्यातलं, कुठलं ते तिलाच काढू दे, मॅचिंग नसलं तर नसलं, काडी ठेवून लावायला विसरू नकोस तेवढं.